खारेकाका

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. त्यात आमच्या इमारतीचे तीन मजले मिळवले की समुद्र लागतो.

हा समुद्र चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. खालच्या कपाटात आणखी एक टाकी, पंप आणि वायरींचा गुंता. वर काचेपलीकडे दोन क्लाऊनफिश, एक निळा डॅमसेल, सदा तोंड वाकडं करून बसलेला एक ब्लेनी आणि सहा गोगलगायी असा परिवार. समुद्राचे मालक पहाटे साडेपाचला प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पातळी बघतात. उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं; उडालं तेवढं गोडं पाणी परत घातलं नाही तर खारटपणा चढतो. त्यासाठी काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यांनी भरतीची रेघ ठरवून दिली आहे. ओहोटीला परवानगी नाही.

मालकांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते आता कुणी वाचत नाही. सगळी सोसायटी त्यांना खारेकाका म्हणते. वॉचमन त्यांच्या पार्सलवर तेच नाव घालून ठेवतो, आणि मागच्या निवडणुकीत स्लिपा वाटणारी पोरं यादीत ‘खारे’ शोधत बराच वेळ जिन्यात उभी होती.

खारेकाका एकटे नाहीत. ही जमात पुणे-पिंपरी पट्ट्यात भरपूर आहे. तीस-पस्तीस वर्षं कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात काढायची, रात्री दोनला ‘साहेब, लाइन बंद पडली’ असा फोन आला की शर्ट उलटा घालून धावायचं, आणि एक दिवस हार, नारळ, घड्याळ घेऊन घरी यायचं. फंड मिळतो, तब्येत उत्तम असते, पण रात्री दोनला फोन करणारं कुणी उरत नाही. मग पहिल्या वर्षात ही माणसं घरातले सगळे नळ, मिक्सर, गीझर आणि बिजागऱ्या दुरुस्त करतात. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांच्या. तिसऱ्या वर्षी नादुरुस्त असं काहीच शिल्लक राहत नाही आणि माणूस खंगायला लागतो. काही जण अशा वेळी सोसायटीच्या कमिटीवर जातात. काकांनी मासे पाळले, हे आमचं नशीब.

सुरुवात गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशने झाली. पण ते मासे जगले. नुसते जगले नाहीत, धष्टपुष्ट झाले. “एवढ्या दिवसांत एकही ब्रेकडाउन नाही,” असं काका खिन्नपणे सांगायचे. मग एकदा मुंबईला गेले असताना कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या बाजारात एका दुकानदाराने त्यांना सांगितलं, “काका, खाऱ्या पाण्याच्या भानगडीत पडू नका. फार कटकटी असतात.” बिचाऱ्याने मनापासून सांगितलं होतं. काका त्याच संध्याकाळी टाकीचं माप घेऊन परतले.

खरं तर बीज जुनंच होतं. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात काका शाळेच्या सहलीबरोबर गेले होते. बाकीची मुलं कासवापुढे गर्दी करून उभी असताना आपण मास्तरांना पंपघराचं दार कुठे आहे ते विचारत होतो, हे ते आजही अभिमानाने सांगतात.

समुद्र भरण्याची कथा मोठी आहे, पण ती मी आवरतो. पहिल्यांदा त्यांनी हरिहरेश्वरहून कॅन भरून पाणी आणलं. ताम्हिणी घाटात दोन कॅनची झाकणं सुटली, आणि त्या गाडीची डिकी पुढे ज्या वेगाने गंजली त्यावर त्यांनी एक छोटा अभ्यासही केला. नंतर तयार सागरी मिठाची बादली आली. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे सगळ्या टाकीला नऊ-दहा किलो. “एवढं मीठ? मग टाटाचं का नाही घालत, स्वस्त पडेल,” असं जो जो पाहुणा म्हणाला त्याला मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि अल्कधर्मीपणा यांवर पाऊण तास ऐकून घ्यावं लागलं. पाहुण्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न, प्रवाळ का नाही ठेवलं. त्यावरही उत्तर तयार असतं: १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत आलेली खडक बांधणारी प्रवाळं, म्हणजे वाघाच्या रांगेत. “माझ्या टाकीत वाघ ठेवू का?” असं विचारून काका विषय संपवतात. पाहुणा संपलेलाच असतो.

तर अशा या समुद्रात सहाव्या महिन्यात शेवाळ आलं.

आधी काचेवर हिरवी झाक, मग खडकांवर केस, मग पंपाच्या तोंडावर दाढी. एक गोगलगाय जरा आळशी होती, तिच्या पाठीवरही आलं. काका सकाळी घासायचे, संध्याकाळी ते पुन्हा हजर. काकू म्हणाल्या, “मोरी घासा म्हटलं की कंबर धरते तुमची.” पण काकांचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला होता. ब्रेकडाउन आला होता.

त्याचं कारण त्यांनी मला चहाच्या कपाच्या, बशीच्या आणि दोन बिस्किटांच्या साहाय्याने समजावून दिलं. माशाने खाल्लं की त्याच्यातून अमोनिया निघतो. अमोनियाचं जिवाणू नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि तिथे गाडी थांबते. नायट्रेट साठत राहतं. अन्नातून फॉस्फेटही येतं. ही दोन्ही म्हणजे शेवाळाचं खत. प्रकाश आहे, ओल आहे, खत आहे, मग ते येणार नाही तर काय करणार?

“पण मग काढायचं कसं?”

“काढायचं नाही. पुनर्वसन करायचं!” काका म्हणाले. “महापालिकेचं कसं चुकतं बघा. फुटपाथवरून हातगाडी उचलली की दुसऱ्या दिवशी ती तिथेच. कारण माणसाला पोट आहे. त्याला दुसरीकडे अधिक चांगला गाळा द्या, रहदारीचा, उजेडाचा. तो आपणहून जाईल, आणि इकडे ठेवायला त्याच्याकडे मालच उरणार नाही. शेवाळाला टाकीपेक्षा चांगली जागा द्यायची. भरपूर उजेड, वरून धबधबा, धरायला खरखरीत जाळी. ते तिकडे वाढेल, सगळं नायट्रेट-फॉस्फेट तिकडेच खाईल, टाकीतल्या शेवाळाची उपासमार. आणि तिकडचं वाढलेलं आपण दर आठवड्या-पंधरवड्याला खरवडून फेकायचं. म्हणजे आपण फेकतो काय? शेवाळ नाही, नायट्रेट फेकतो.”

बशीतलं एक बिस्किट उचलून त्यांनी ते खिडकीतून खरोखरच फेकलं.

ही युक्ती त्यांची स्वतःची नाही, आणि ते तसं सांगतातही. मेंटेनन्सवाल्या माणसाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे. तिचे जनक वॉल्टर एडी, अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ. कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळ-खडकांवर लाटांच्या माऱ्यात बोटभरही उंच नसलेलं शेवाळ किती झपाट्याने वाढतं, हे त्यांनी पाहिलं आणि तेच गाळणी म्हणून वापरलं. १९८० मध्ये वॉशिंग्टनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात त्यांचा जिवंत प्रवाळ-खडक मांडला गेला आणि १९८२ मध्ये शेवाळाच्या गाळणीचं पेटंट मिळालं. त्यांच्या रचनेत आडवी तबकं असत आणि एक पालथी होणारी बादली मधूनमधून लाट ओतायची. १९८७ साली ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला उघडलेल्या मोठ्या मत्स्यालयातही हीच पद्धत होती, पण तिथलं पाणी पिवळसर पडलं. काकांनी हे सगळं वाचून काढलं आणि गाळणी बनवायच्या आधीच, पिवळेपणावर उतारा म्हणून, सक्रिय कोळशाची पिशवी आणून ठेवली. एडींचा उल्लेख ते ‘आपला एडी’ असा करतात, पिंपरीला एकाच शिफ्टला असल्याच्या सुरात.

हौशी लोकांनी पुढे तबकाऐवजी जाळी उभी टांगली: वर एक आडवा पाइप, त्याला खालून लांब चीर, चिरेत जाळी अडकवलेली आणि दोन्ही बाजूंनी पातळ पाण्याचा पडदा. जागा कमी, बादली नको. काकांनी हीच रचना घ्यायची ठरवली आणि बोहरी आळीतून एक इंची पीव्हीसी पाइप, एंड कॅप, एल्बो आणि सोल्युशनचा डबा आणला.

पाइपला तीन मिलिमीटरची चीर पाडायला त्यांनी आमच्या नेहमीच्या प्लंबरला बोलावलं. तो बराच वेळ पाइपकडे आणि काकांकडे आळीपाळीने बघत राहिला. “काका,” तो म्हणाला, “गळका पाइप बंद करायचे पैसे घेतो मी. चांगला पाइप गळका करायचे कसे घेऊ?” शेवटी काकांनी स्वतःच हॅकसॉने चीर पाडली. ती डावीकडे अडीच आणि उजवीकडे चार मिलिमीटर झाली, पाणी सगळं उजवीकडून कोसळलं. दुसरी बरी झाली. तिसरी एवढी सुरेख झाली की ती त्यांनी वापरलीच नाही, दाखवायला ठेवली आहे.

माप मात्र काटेकोर. गाळणीचा आकार टाकीच्या लिटरवर ठरत नाही, माशांना किती खायला घालता त्यावर ठरतो, हे हौशी लोकांचं गणित. गोठवलेल्या खाद्याची एक वडी रोज घालत असाल तर दोन्ही बाजूंनी उजेड मिळणारी सुमारे ७७ चौरस सेंटिमीटर जाळी. काका दोन वड्या घालतात, म्हणून १५ बाय १२ ची जाळी, थोडी सैलच. रुंदीच्या दर सेंटिमीटरला तासाला पन्नासेक लिटर पाणी, म्हणजे साडेसातशे लिटर. पंपाच्या खोक्यावर १२०० लिहिलं होतं. काकांनी बादली आणि स्टॉपवॉच घेऊन मोजलं, तर पाणी वर चढवताना तो जेमतेम आठशे देत होता. “खोक्यावरचा आकडा पंप झोपलेला असतानाचा असतो,” ते म्हणाले. त्यांच्या जुन्या खात्यातल्या कितीतरी लोकांबद्दलही त्यांचं हेच मत आहे.

अडलं ते जाळीवर. जाळी प्लास्टिकची हवी, ताठ हवी आणि इंचाला सात भोकांची हवी. हार्डवेअरच्या दुकानात मिळाली ती डासांची. काका तुळशीबागेत गेले. भरतकाम-विणकामाच्या दुकानातल्या बाईंनी “वहिनींना कुठल्या रंगाची लोकर हवीय?” असं विचारलं, काकांनी खिशातून स्टीलची पट्टी काढून भोकं मोजायला सुरुवात केल्यावर त्या बाईंनी मालकांना बोलावलं. मिळाली ती जाळी फार बारीक भोकांची होती. “ती जुनी मोठ्या भोकांची आता कोण विणतंय,” मालक म्हणाले.

काका हिरमुसून घरी आले, चपला काढल्या आणि त्यांची नजर दारावर गेली.

दारावर तोरण होतं. त्या काळी घराघरांत होतं तसं, प्लास्टिकच्या जाळीवर लोकरीने भरलेलं: दोन टोकांना दोन हिरवे पोपट आणि मधे लाल अक्षरांत ‘सुस्वागतम्’. काकूंनी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला विणलेलं. काकांनी स्टुलावर चढून पट्टी लावली. इंचाला सात.

काकू भजनी मंडळात गेल्या होत्या. काकांनी डावीकडून बरोबर एक पोपट आणि ‘सु’ कापून घेतला. उरलेलं ‘स्वागतम्’ त्यांनी दाराच्या मध्याशी नीट सारखं करून बांधलं. अर्थाला कुठे धक्का लागला नव्हता. दुपारभर चिमट्याने लोकरीचा एकेक टाका उसवला, मग गोल करवतीच्या दात्यांनी जाळी दोन्ही बाजूंनी अशी खरवडली की तिला काटे आले. गुळगुळीत प्लास्टिकवर शेवाळ धरत नाही. धरलं तरी थोडं वाढलं की पाण्याबरोबर सुटून जातं.

काकूंना पत्ता लागला नाही. महिन्याभराने काकांना वाटलं की एक जाळी साफ करताना दुसरी चालू हवी. तेव्हा उजवीकडचा पोपट आणि ‘म्’ गेला. आता दारावर नुसतं ‘स्वागत’ होतं आणि ते टोपीएवढं दिसायला लागलं होतं. काकू दारात थांबल्या, वर बघितलं, आत येऊन टाकीकडे बघितलं. सगळ्या सोसायटीने आरडाओरड्याची वाट बघितली. काकू एवढंच म्हणाल्या, “आणखी एकदा डावीकडून कापलंत की फक्त ‘गत’ उरेल. ती कुणाची, ते लिहायला मी लोकर आणून ठेवते.”

दिव्यांनी वेगळाच घोळ घातला. अशा शेवाळाला ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश मानवतो, म्हणून काकांनी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून एलईडी आणून स्वतः पट्ट्या जोडल्या, दोन्ही बाजूंना, टायमरवर, दिवसाला अठरा तास. तिसऱ्या मजल्याची ती खिडकी मध्यरात्रीपर्यंत गुलाबी-लाल पेटलेली दिसायला लागली. सोसायटीचे सेक्रेटरी एका संध्याकाळी ‘सहज’ आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, “काका, घरात काही लावलंय का? म्हणजे, औषधी वगैरे?”

“लावलंय ना!” काका आनंदाने म्हणाले. “वाढलं की कापतो.”

“आणि मग... देता कुणाला?”

“फेकून देतो.”

“फेकून द्यायचं तर लावता कशाला?”

हा प्रश्न खारेकाकांना विचारायचा नसतो. सेक्रेटरी आठला गेले ते सव्वानऊला बाहेर पडले. कमिटीला त्यांनी तोंडी अहवाल दिला की संशयास्पद काही नाही. संशय खरा निघाला असता तर एवढा वेळ लागला नसता.

चोवीस तासांच्या त्या धबधब्याचा आणखी एक परिणाम कुठल्या पुस्तकात नोंदलेला नसावा. काकांकडे आलेला साठीपुढचा पाहुणा दहा मिनिटांच्या आत ‘जरा जाऊन येतो’ म्हणतो. दोन पाहुणे एकदम आले तर रांग लागते. काकूंनी आता नॅपकिन बाहेरच काढून ठेवायला सुरुवात केली आहे.

मग तो गुरुवार आला. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज घालवायची तर ती गुरुवारी, हे इथल्या मुलांना पाढ्यांबरोबर कळतं. पंप थांबला. पंप थांबला की पाइपांतलं आणि वरच्या टाकीच्या काठावरचं पाणी खालच्या टाकीत उतरतं. तेवढी जागा तिथे रिकामी ठेवायची असते. काकांनी आदल्याच रात्री ती काठोकाठ भरली होती. काका-काकू लग्नाला गेलेले. पाणी कपाटातून हॉलमध्ये, हॉलमधून फटीत आणि फटीतून दुसऱ्या मजल्यावर उतरलं.

दुसऱ्या मजल्यावर वकील राहतात. पुण्यातली छताची गळती हा एक स्वतंत्र न्यायशास्त्राचा विषय आहे. पाणी वरच्याच्या बाथरूमचं, बिल्डरच्या वॉटरप्रूफिंगचं, की पावसाचं, या वादात दोन्ही पक्षकार म्हातारे होतात. पण वकीलसाहेबांनी खुर्चीवर चढून छतावरचा थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. समुद्र. पुण्यात समुद्र एकाच माणसाचा आहे. असा निर्विवाद पुरावा आपल्याला उभ्या प्रॅक्टिसमध्ये मिळाला नाही, असं ते नंतर हळहळून सांगत होते, कारण एवढा पुरावा असताना भांडायला काही उरलंच नाही.

काका तर भांडायच्या मनःस्थितीत नव्हतेच. रात्री ते माफी मागायला खाली गेले ते क्षारमापक घेऊन. छताचा एक थेंब काचेवर घेतला, दिव्याकडे धरून डोळा लावला आणि ओरडले, “पस्तीस! तुमच्या छतातून येऊनही पस्तीस!” वकिलांच्या पत्नीने नकळत “अभिनंदन” म्हटलं. रंगाचे पैसे काकांनी दिले.

त्यानंतर इन्व्हर्टर आला. पाणी थांबून जाळी वाळली तर काही तासांत शेवाळ मरतं, म्हणून इन्व्हर्टरवर पंप. पंखा नाही, पंखा घेतला तर बॅटरी आधी उतरते. गुरुवारी दुपारी काका वर्तमानपत्राने वारा घेत धबधब्यापुढे बसतात आणि काकू आमच्याकडे येतात. आमच्याकडेही वीज नसते, पण आमच्याकडे निदान कुणाला ती असून नसते असं होत नाही.

पण शेवाळ धरलं. आधी चार-पाच दिवसांत तपकिरी गिळगिळीत थर आला, तो डायटमचा. मग त्यातून हिरवे ठिपके. तिसऱ्या आठवड्यात जाळी दिसेनाशी झाली. काकांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काळपट हिरव्या जाळीचा फोटो टाकून खाली लिहिलं, ‘अखेर आज सकाळी’. चार जणांनी तत्काळ ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पाठवली.

पाण्यातलं नायट्रेट मोजायला थेंबांची चाचणी असते. कुपीत रंग येतो, तो कागदावरच्या गुलाबी चौकोनांशी ताडून आकडा काढायचा. चौकोन सगळे सारखेच दिसतात. काका प्रत्येक येणाऱ्याला विचारायचे, हा दहा की पंचवीस? दूधवाला दहा म्हणायचा, इस्त्रीवाला पंचवीस. एकदा काकू पदराला हात पुसत आल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “हा राणी. कालचा वांगी होता.” काका चकित झाले. त्यांनी आठवडाभर काकूंना न सांगता त्याच नमुन्याच्या दोन-दोन कुप्या वेगवेगळ्या वेळी दाखवून तपासलं. काकू एकदाही चुकल्या नाहीत. साडीच्या दुकानात उभं आयुष्य घातलेल्या डोळ्यापुढे तो जर्मन की डच कागद काहीच नव्हता. आता वहीत आकडे नसतात. सोमवार, वांगी. गुरुवार, राणी. मंगळवार, कमळी. आणि गाळणी लावल्याच्या तिसऱ्या महिन्यात एक दिवस, लाल शाईने, चौकटीत: मोतिया.

कापणीचा दिवस रविवार. काका जाळी काढून मोरीत गोड्या पाण्याखाली धरतात, म्हणजे शेवाळ खाणारे बारीक किडे मरतात, आणि उलथन्याने खरवडतात. सगळं नाही, पुढच्या वाढीला बुडाशी पातळ थर ठेवावा लागतो. निघालेला लगदा पिळून काट्यावर ठेवतात आणि वजन लिहितात. ज्या आठवड्यात काटा दोनशे ग्रॅमच्या वर गेला त्या संध्याकाळी त्यांच्याकडे शिरा होता. हा लगदा उत्तम खत आहे, असं सांगून त्यांनी तो तळमजल्यावरच्या आजींच्या कढीलिंबाला घातला. कढीलिंब गेला. काकांचं म्हणणं, तीन वेळा धुवून घालायला सांगितलं होतं. आजींचं म्हणणं, समुद्र माझ्या दारात आणायला मी सांगितलं नव्हतं.

आणि मग सगळं ठीक झालं. टाकीतली काच स्वच्छ, खडक स्वच्छ, आळशी गोगलगायीची पाठसुद्धा स्वच्छ. मोतिया, मोतिया, मोतिया. काका पुन्हा खंगायला लागले.

त्यांच्या लक्षात आलं की जाळीवरचं शेवाळ फिकट पिवळं पडत चाललंय. खायलाच नाही तर बिचारं हिरवं कसं राहणार! काकांनी माशांना दोनाऐवजी तीन वड्या घालायला सुरुवात केली. मासे खाईनात, तेव्हा आणखी दोन डॅमसेल आणले. शेवाळ कमी करायला जाळी, आणि आता जाळीवरच्या शेवाळाला दोन घास मिळावेत म्हणून मासे. मी हे त्यांना बोलून दाखवलं. काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मग? उगाच का माशांना पोसायचं?”

पण पाच-सहा मासे खाऊन खाऊन खाणार किती. काकांनी पुन्हा आपल्या एडीकडे धाव घेतली, आणि त्यांना सापडलं की एडींनी पुढे हीच गाळणी मोठ्या मापावर सांडपाणी स्वच्छ करायला वापरली होती. त्या रात्री गुलाबी खिडकी टायमरला न जुमानता पहाटेपर्यंत पेटलेली होती.

गेल्या रविवारपासून काका सोसायटीत दारोदार फिरतायत. हातात पॅड, कानावर पेन्सिल. आपल्या इमारतीच्या सांडपाण्यासाठी गच्चीवर जाळी लावायचा प्रस्ताव वार्षिक सभेत मांडायचा आहे आणि गाळणीचा आकार अन्नावर ठरतो, हा नियम आहे. एक वडी तीन-साडेतीन ग्रॅमची धरली आणि माणूस दिवसाला किलोभर खातो असं धरलं तर माणशी तीनशे वड्या, म्हणजे सव्वादोन चौरस मीटरच्या वर जाळी. पण अंदाजाने काम करायचं तर मेंटेनन्सला कशाला होतो? म्हणून प्रत्यक्ष मोजणी. बेल वाजते, दार उघडतं, काका विचारतात, “तुमच्या घरात दिवसाला एकूण किती खाल्लं जातं?”

पहिल्या मजल्यावर दार लावून घेतलं. वकिलांनी प्रश्नाचा हेतू लेखी मागितला. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी मात्र सरळ मनाच्या. त्यांनी हात पुसले, थोडा विचार केला आणि विचारलं, “एरवीचं सांगू, की एकादशीचं?”

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, पट्टी धरली आणि कागदावर दुसरा रकाना आखला.